मादामचं हसू

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या हातात डबा दिला आणि दटावलं, "हसून जा बघू. रडलीस तर मला झोप लागायची नाही." मग काय, हसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून दात काढून हसत राहिले. शेजारी आमच्या गल्लीतल्या शमीमभाभी बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर कतारला कारकून, त्यांनीच मला दोह्याच्या लेडीज सलूनमध्ये चिकटवलं होतं. वळण गेलं तशी भाभींनी आपली ओढणी माझ्याकडे सरकवली. ती पार भिजवून टाकली मी.

त्याला सहा वर्षं झाली. तुम्ही मागे राहिलेल्या बायांनो, तुम्हाला वाटतं वैशालीची मजा आहे. तर ऐका. लेडीज सलूनच्या काचांना दुधी कागद असतो, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून. मान्य आहे. पण आतलीलाही बाहेरचं दिसत नाही, याचा विचार कुणी केलाय? ऊन आहे की धूळ उडतेय, ते गिऱ्हाइकाच्या चपलांवरून ओळखायचं. सकाळी दोह्याबाहेरच्या उम्म सलालमधल्या खोलीतून कंपनीची बस उचलते, सलूनच्या दारात सोडते, काम झालं की परत खोलीत. आम्ही चौघी, दोन दुमजली पलंग, एक खिडकी, आणि खिडकीसमोर पुढच्या बिल्डिंगची भिंत. दोनदा रजेवर गावी आले खरी, पण रजेवरचं माणूस म्हणजे पाहुणं. अत्तराच्या बाटल्या वाटायच्या, हसायचं, निघायचं.

शुक्रवारी सलून दुपारी उघडतं. आम्ही सफाईला आधी जातो, तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावायचे. वर दिव्यांची रांग, मागे आरसा, ओठांना लिपस्टिक. "मजेत आहे गं!" आई लगेच शेजारच्या काकूंना हाक मारणार, "बघा, आमची वैशी सिनेमातली बाई दिसते की नाही?" मग मी म्हणायचे, "चल, खलास, ठेवते." हा इथला शब्द, म्हणजे संपलं. आईने तो उचललाच. आता आमच्याकडे तांदूळ खलास होतात, गॅस खलास होतो.

आमचा करार दोन वर्षांचा. संपत आला की मॅनेजरबाई विचारते, "रिन्यू?" यंदाही विचारलं, आठवड्यात सांग म्हणाली. भाऊ मंगेश म्हणाला, "ताई, अजून एकदा कर ना." मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवं होतं आईने म्हणायला, की ये. सहा वर्षांत ती एकदाही म्हणाली नाही. आपण होऊन कशी सांगू मी? हट्ट म्हणा, पण मला तिनेच बोलवायला हवं होतं.

आता मादामबद्दल सांगते. मादाम फ्रान्सची, एके काळची सिनेमातली नटी. वय साठीच्या पुढे. नवरा इथे गॅस कंपनीत मोठा साहेब, आणि ही समुद्राकाठच्या टॉवरमध्ये दिवसभर एकटी. दर तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी केस रंगवायला जाते. मुळाशी पांढरं दिसलं की साहेबांची कुरकुर सुरू, म्हणून रंग सोनेरी, कट मानेपर्यंत, चाळीस वर्षं तोच. दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. तिचं गावही समुद्रकाठचं, जाळी आणि माशांच्या वासाचं. बापाच्या दुकानात उभी होती, सतरा वर्षांची, तिथे एका डायरेक्टरने पाहिली आणि शहरात नेली. पहिल्याच सिनेमात नाव झालं. पुढे ज्याला त्याला तीच पोरगी हवी, तेच केस हवेत. चाळिशीला कामं आटली. दोनचार सिनेमांत नायिकेची आई झाली, मग तेही नाही. "केसांना काम मिळत होतं, वैशाली," ती म्हणायची, "मी नुसती त्यांच्याबरोबर जायचे." मी म्हणायचे, मादाम, मान हलवू नका, रंग कानाला लागतोय.

मॅनेजरबाईने मुदत दिली त्याच आठवड्यात इथल्या फ्रेंच लोकांनी तिचा तो पहिला सिनेमा दाखवायचा ठरवला. कार्यक्रमाच्या सकाळी मी रंगाची वाटी कालवून तयार, आणि बाई म्हणते, "नो कलर. कट." साहेब चिडले तर सलूनला फोन जाणार आणि बोल कुणाला? मला. "मादाम, साहेब?" ती म्हणाली, "हे केस साहेबांचे आहेत का?" कापले मग. सोनेरी सगळं खाली पडलं आणि आत बारीक पांढरं डोकं निघालं, कोंबडीच्या पिल्लासारखं. मादाम आरशात बघून खो खो हसली. मी दाराकडे बघत होते.

मॅनेजरबाईला फोन करून संध्याकाळी तिने मला सोबत नेलं. दारात तिचाच हा मोठा फोटो, आणि दारावरची मुलगी तिलाच विचारते, आपलं नाव? मादाम मला हाताला धरून सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

सिनेमातलं बोलणं मला काय कळणार? पण एक प्रसंग कळला. पोरगी घर सोडून निघालीय, गाडीच्या खिडकीत, खाली म्हातारी आई. आणि ती पोरगी असं हसतेय, की सगळं थिएटर हसलं. मादाम माझ्या कानाशी लागली. "त्या दिवशी मी रडत होते. घरची आठवण येत होती. डायरेक्टर म्हणायचा, पुन्हा हस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या आईने हा सिनेमा पाहिला. गावभर सांगत सुटली, माझी मुलगी सुखात आहे. मला कधी परत बोलावलं नाही तिने. मी वाट बघत होते. ती गेली, मग कुणाची बघणार?"

पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. मला श्रीवर्धनचा स्टँड दिसत होता, आणि खिडकीत दात काढून बसलेली मी.

शुक्रवार आला. सफाईला गेलेच नाही, डोकं दुखतंय म्हटलं. खोलीत, पलंगाच्या खालच्या मजल्यावर बसून फोन लावला. तोंड धुतलेलं, कपाळावर एरवी झाकलेल्या माझ्या पांढऱ्या बटा, मागे दोरीवर चौघींचे कपडे. आई म्हणाली, "अगं, तुझ्या फोनला काय झालं? नीट दिसत नाहीस."

"फोन बरा आहे आई. मी अशीच दिसते."

ती फोन अगदी नाकाशी धरून बघत राहिली. मी मोबाइल फिरवला, पलंग दाखवले, खिडकीतली भिंत दाखवली. आणि मग मला आवरलंच नाही. सहा वर्षांचं एकदम आलं. कुणी मेल्यासारखी रडले. तिकडे काकू विचारत होत्या काय झालं, काय झालं, आणि आई त्यांना हाताने गप्प करत होती.

"मला वाटलं, रमलीस तू," आई म्हणाली. "म्हणून जीभ चावून गप्प बसत होते. वैशे, अगं, हसून जा म्हटलं होतं मी. हसतच राहा, असं कुठं म्हटलं होतं?"

मी नाक पुसत होते. ती म्हणाली, "खलास. ये आता."

मॅनेजरबाईला मी नाही म्हणून सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं. मंगेशनेही केलं, करू दे. नोटिशीचे दिवस अजून भरायचे आहेत, काचा तशाच दुधी आहेत, बस तशीच सकाळी भोंगा वाजवते आणि ड्रायव्हर यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, ओरडतो. मादामने परवा पुन्हा बोलावलं. रंग नको, नुसती ये म्हणाली. आम्ही दोघी खिडकीत बसून समुद्र बघत होतो. तिला जायला कुठे उरलेलं नाही, हे ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही.

घर म्हणजे काय म्हणाल तर आता मला एवढंच कळतं, की जिथे माझं तोंड बघून कुणाची झोप उडाली तरी चालते. स्टँडवर न्यायला याल ना सगळे, तर आधीच सांगून ठेवते, मी रडणार आहे. आणि मला कुणी हस म्हणायचं नाही.