एका क्रमांकाची दोन झाडं

ऐंशीच्या दशकात मी मोहरीच्या कुळातल्या एका रानफुलाची नवी जात शोधून काढली. तशी जात जगात कुठे नव्हती, एवढीच एक उणीव त्या शोधात राहिली. पण तेवढ्यावर भागलं असतं तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्या माणसाच्या नावावर खपवली. तो माणूस हंगामी नोकर होता, त्यामुळे ती फारशी खळखळ न होता खपली.

मी तेव्हा मुलुंडला राहायचो आणि उपनगरातल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पस्तिशी आली होती, पीएच.डी. व्हायची होती आणि नावावर एकही शोधनिबंध नव्हता. विषय मात्र ऐटबाज निवडला होता: उंच डोंगरातल्या मोहरी कुळाच्या वनस्पती. आपल्याकडे हे कूळ फोडणीत, कोबीच्या भाजीत आणि मुळ्याच्या कोशिंबिरीत भेटतं. त्याची खरी वस्ती हिमालयात, बर्फाच्या काठाला. तिथे दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात बोटभर उंचीची झाडं उगवतात, चार पाकळ्यांची इवलीशी फुलं काढतात, शेंगा धरतात आणि पुन्हा बर्फाखाली जातात. ही झाडं एकमेकांसारखी इतकी दिसतात की शेंग पाहिल्याशिवाय नाव सांगू नये, असं मी दर वर्षी वर्गाला बजावत असे. वर्गात सगळे ऐकत असत. मी सोडून.

एका सुट्टीत मी लाहौलला गेलो. एका चढावर, खडकाच्या कपारीत, पांढऱ्या फुलांचा एक झुबका दिसला. फुलं होती, शेंग नव्हती. बरंच खाली ओढ्याकाठी तसाच एक झुबका दिसला. त्याला शेंगा होत्या, फूल नव्हतं. देवाने माझी अडचण ओळखून अर्धं सामान वर आणि अर्धं खाली ठेवलं आहे, असं मला वाटलं. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: एका ठिकाणी, एका वेळी गोळा केलेल्या एकाच जातीच्या झाडांना एक क्रमांक. जरा शंका आली तर वेगळा क्रमांक. क्रमांक फुकट असतात. पण खालून जीपवाला हॉर्न वाजवत होता, बोटं गारठली होती आणि मला नवी जात हवी होती. मी दोन्ही झुबक्यांना एकच क्रमांक दिला. वहीत मात्र इमानाने लिहिलं, ‘फूल वर खडकाशी, शेंगा खाली ओढ्याकाठी.’ घरी आल्यावर टिपणं नीट उतरवून काढताना ते वाक्य मला पाल्हाळ वाटलं. मी ते गाळलं. शैलीचा विचार मी आयुष्यात तेवढा एकदाच केला.

मुलुंडच्या ऑगस्टातल्या हवेत हिमालयातली झाडं वाळेनात. वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये ती दाबून ठेवली होती आणि कागदांवर बुरशी धरू लागली होती. बायको रोज संध्याकाळी कागद इस्त्रीने कोरडे करून द्यायची.

“मुलगा प्राध्यापक आहे म्हणाले होते,” ती म्हणायची. “गवताला इस्त्री करावी लागेल हे नाही बोललं कुणी.”

“गवत नाही गं. नवीन जात आहे.”

“तुमच्या शर्टाची पण एकदा नवीन जात करून घ्या. कॉलर गेलीय.”

वाळलेली झाडं मी प्रयोगशाळेत मामांकडे दिली. शिपायाला मामा म्हणायची आमच्या कॉलेजात पद्धत होती, पण हे मामा शिपाई नव्हते आणि प्रयोगशाळेचे नोकरही नव्हते. ते हंगामी होते, म्हणजे सांगाल ते काम. मूळचे मालवणकडचे, पन्नाशीचे, आयुष्यभर परळच्या एका गिरणीत मागावर उभे राहिलेले. गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आले. वाळलेलं झाड जाड कागदावर बसवायचं काम त्यांना कोणी तरी सहज दिलं आणि पाहता पाहता ते त्यांचंच झालं. बाकीचे डिंकाने चिकटवायचे. मामा शिवायचे. पांढऱ्या दोऱ्याचा टाका देठावरून असा नेत की गाठ पुढून दिसत नसे आणि पानाला धक्का लागत नसे. त्या वर्षी त्यांना प्रयोगशाळेत कायम करण्याचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर होता. नुसती सही व्हायची होती. मामांनी घरी सांगूनही टाकलं होतं.

माझा नमुना शिवताना ते थांबले. फुलाच्या देठावरून बोट फिरवलं, मग शेंगेच्या देठावरून फिरवलं.

“साहेब, ह्या येकच झाड आसा?”

“एकच. का?”

“ह्येका लव आसा. बारीक, पन बोटाक लागता. आणि शेंगेचो देठ बघा, गुळगुळीत. सूत वेगळा आसा, साहेब.”

“मामा, ही बॉटनी आहे, पॉपलिन नाही. तुम्ही शिवा.”

“शिवतंय. माझा काय जाता? पन दोन थानातला कापड एका गठ्ठ्यात बांधला तर आमचो मास्तर कान पकडायचो.”

मी हसलो. लव साधी आहे की तिला चांदणीसारखे फाटे आहेत, यावरून या कुळातल्या जाती वेगळ्या करतात. हे मला पाठ होतं. टेबलावर भिंगही होतं. मी ते उचललं नाही, कारण उचललं असतं तर दिसलं असतं.

त्या काळी नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये छापावं लागे. मला लॅटिन येत नव्हतं. वांद्र्याला एका चर्चमध्ये एक म्हातारे फादर होते, त्यांना यायचं. मी कागद घेऊन गेलो. त्यांना वाटलं मी कबुलीजबाब द्यायला आलो आहे. मी म्हटलं, नाही, भाषांतराला. त्या दिवशी दोन्ही कामं एका फेरीत उरकता आली असती, पण ते मला सुचलं नाही. फादरांनी ‘पाने लवयुक्त, शेंग गुळगुळीत’ हे इतक्या भारदस्त लॅटिनमध्ये लिहून दिलं की मला स्वतःलाच पटलं. जातीला मी विभागप्रमुखांचं नाव दिलं. ते माझे मार्गदर्शक होते आणि माझ्या बढतीच्या समितीवरही होते. विज्ञानात असे योग येतात.

सरांनी वेळ दवडला नाही. फलकावर बातमी लागली, स्टाफरूममध्ये पेढे वाटले, मला हार घातला. निबंध अजून छापून आला नव्हता, नुसता पाठवला होता. नमुना तपासणीसाठी एका मोठ्या वनस्पतिसंग्रहातल्या तज्ज्ञांकडे गेला होता. ही किरकोळ बाब सर भाषणात विसरले आणि मीही आठवण करून दिली नाही.

तज्ज्ञांचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. मजकूर थोडक्यात असा: कागदावरची फुलं एका सुपरिचित जातीची आहेत, शेंगा दुसऱ्या एका सुपरिचित जातीच्या आहेत, दोन्ही जाती पूर्वीपासून ज्ञात आहेत, शिवण मात्र उत्तम आहे, ती कोणी केली ते कळवावं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या विभागातले आणखी दोन सहकारी तिथे बसले होते. सरांचं नाव धारण करणारी वनस्पती नाहीशी झाली होती आणि त्यांचा चेहरा तिच्या जवळच्या नातेवाइकासारखा दिसत होता.

“वाट लावलीत माझी! युनिव्हर्सिटीत काय तोंड दाखवू? हे झालं कसं?”

मी म्हणालो, “सर, कागदावर लावताना मिसळलं असावं. शिवणकाम मामांकडे होतं.”

‘असावं’ हे क्रियापद भित्र्या माणसांसाठी घडवलेलं असावं. मी खोटं बोललो नाही, नुसती शक्यता वर्तवली. एवढ्यात मामा चहा घेऊन आत आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं, हे मला त्यांच्या थांबण्यावरून कळलं.  त्यांनी चहा सगळ्यांपुढे ठेवला, माझ्याही पुढे ठेवला, आणि बाहेर गेले. सरांनी टेबलावरचा, मामांच्या नोकरीचा तो कागद काढून बाजूला ठेवला. “ह्यांना कायम करणार होतो आपण,” ते म्हणाले. सहकाऱ्यांनी मान हलवली. मी चहा प्यायलो.

पुढच्या सोमवारी मामा फाटकावर होते. उशिरा येणाऱ्या मुलांची नावं वहीत लिहायची, एवढंच काम. प्रयोगशाळेत पुन्हा डिंक आला. मामा मला पूर्वी ‘साहेब’ म्हणायचे, आता ‘नमस्कार सर’ म्हणू लागले. रोज, न चुकता, सगळ्यांना म्हणायचे तसंच. मी कॅन्टीनच्या मागच्या दाराने यायला लागलो. तिथे कचऱ्याचे डबे होते. एका संशोधकाला साजेसा मार्ग होता.

असं तीन-चार वर्षं चाललं. मला पीएच.डी. मिळाली, दुसऱ्याच विषयावर. सर प्राचार्य झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी आलो. माझी बढती गुणवत्तेवर झाली, असं फलकावर लिहिलं होतं. मग एक दिवस ऑफिसातून माझ्याकडे एक कागद आला. प्रयोगशाळेत एक कायम जागा निघाली होती आणि मामांनी अर्ज केला होता. खाली शेरा होता: ‘पूर्वी अर्जदाराकडून महत्त्वाचे नमुने मिसळल्याची तोंडी तक्रार आहे. विभागप्रमुखांनी लेखी अभिप्राय द्यावा.’ आतापर्यंत मी नुसता गप्प होतो. आता तेच खोटं सहीनिशी लिहायचं होतं.

कागद तीन दिवस माझ्या खणात होता. चौथ्या दिवशी रविवार होता. मी घाटकोपरला मामांच्या चाळीत गेलो. जाताना मिठाईचा पुडा घेतला. कशासाठी, ते आजही मला सांगता येणार नाही.

मामांच्या बायकोने दार उघडलं, पुडा पाहिला. “कोन पास झालो?” तिने विचारलं.

“कोन नाय,” मामा आतून म्हणाले. “सर इले आसत. बसाक दी.”

मी बसलो. बरंच काही पाठ करून आलो होतो. तब्येत, पाऊस, गाव वगैरे. ते सगळं तिथल्या तिथे संपलं. मग मी एका दमात सांगितलं की फुलं आणि शेंगा मीच एकत्र केल्या होत्या, डोंगरावरच, वहीत तसं लिहिलेलंही आहे, तुमचं नाव मी घाबरून घेतलं, माझं चुकलं.

“माका म्हायत आसा,” मामा म्हणाले.

“मला माफ करा, मामा.”

“हय? माझ्या घरात? हय तुमका कोन ऐकता? ही आणि भिंतीवरची पाल.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “सर, माझा नाव तुम्ही केबिनात घेतलात. तिघांसमोर. मी चहा घेवन उभो होतंय. माझ्या हिका वाटला मी कायतरी चोरलंय. गावाक सांगलेला, कायम झालो म्हनान. मग गावाक काय सांगू, सूत वळखाक येत नाय म्हनान? तीस वर्सां मागावर काढली मी.”

त्यांची बायको म्हणाली, “तो पुडो घेवन जावा. आमच्यात कोन पास नाय झालो.”

मी पुडा घेऊन उठलो. दारात मामा एवढंच म्हणाले, “थय सांगा. त्याच केबिनात. मगे बघूया.”

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी माझं कौतुक करायच्या घाईत असेल तर थांबेल. मामांना ती जागा मिळाली, पण तेव्हा निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरली होती. फाटकावर गेलेला काळ त्यांना कोणी परत दिला नाही, आणि मीही देऊ शकलो नाही. ते पुन्हा शिवायला बसले. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. ते मला पुरेसं होतं असं नाही. पण मला काय पुरेसं वाटतं, हा प्रश्नच नव्हता.

त्या सोमवारी मी पुढच्या फाटकातून आत गेलो आणि मामांना म्हटलं, चला. आधी मी प्राचार्यांना आणि त्या दोन सहकाऱ्यांना विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. केबिन तीच होती, आता माझी झालेली; प्राचार्य जुन्या सवयीने खुर्चीत बसले आणि आम्ही चौघे उभे राहिलो. मी माझी डोंगरातली वही टेबलावर उघडून ठेवली आणि त्या गाळलेल्या वाक्यावर बोट ठेवलं.

प्राचार्यांनी वाचलं. चष्मा काढला. “अहो, जुनं कशाला उकरताय आता? अभिप्रायात एक ओळ लिहा, ‘हरकत नाही’ म्हणून. मी सही करतो. सगळ्यांचीच अब्रू राहते.”

“सगळ्यांची नाही राहत, सर,” मी म्हणालो.  “अभिप्राय मी लिहून आणलाय. तो वाचूनही दाखवणार आहे.”

सहकाऱ्यांपैकी एकजण खिडकीबाहेर पाहू लागला. मी वाचू लागलो, पण दुसऱ्याच ओळीला कळलं की आपण टेबलाकडे तोंड करून वाचतो आहोत. मी कागद खाली ठेवला आणि मामांकडे वळलो.

“मामा, नमुना तुम्ही मिसळला नव्हता. मी मिसळला होता. तुम्ही शिवतानाच मला सांगितलं होतं की ही दोन वेगळी झाडं आहेत, आणि मी तुम्हाला गप्प केलं. मग इथेच, या तिघांसमोर, मी तुमचं नाव घेतलं, कारण तुम्ही उलट बोलू शकणार नाही हे मला माहीत होतं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मी तुमची माफी मागतो.”