आठवी ‘ब’मधले दोन साक्षीदार

माझ्या बायकोशी भांडायचं तर आधी पुरावे गोळा करावे लागतात. ‘दूधवाला आज आलाच नाही’ असं मी म्हणालो की ती हातातलं काम न सोडता विचारते, “तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?” आता दूधवाला न आलेला कसा पाहायचा, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपतो आणि घरी आलो की माझ्याच डोळ्यांवर कुणाचा भरवसा नसतो.

ती शाळेत इतिहास शिकवते. पोरांनी तिचं नाव ‘पुरावाबाई’ ठेवलंय. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचा रागही नाही. “नावं ठेवायचीच तर निदान अचूक ठेवली,” म्हणते.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला तीही इतर शिक्षकांसारखी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची आणि मुलं उतरवून घ्यायची. मग एका वर्षी पुस्तकात छपाईची चूक झाली. गावातली कापडगिरणी ज्या साली बांधली, त्याच्या तीन वर्षं आधीच ती जळाली, असं छापून आलं. परीक्षेत वर्गातल्या एकूण एक मुलानं तसंच लिहिलं. बांधण्याआधी जळालेली गिरणी! आणि निम्म्याहून जास्त पेपरांवर बरोबरची खूण करून झाल्यावर हिच्या ते ध्यानात आलं. त्या दिवशी ती पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाली, “मी इतिहास नाही शिकवत हो, शुद्धलेखन शिकवते. तेही चुकीचं.”

तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

पुस्तक बाजूला ठेवून त्या काळातली वस्तू, त्या काळचा कागद, त्या काळचा माणूस मुलांसमोर ठेवायचा आणि त्यांनाच विचारू द्यायचं, असं तिनं ठरवलं. ऐकायला झकास. करायला गेलं की नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तिनं मुलांना घरातला जुना फोटो आणायला सांगितला, तर एकानं कालचाच फोटो मोबाईलमध्ये तपकिरी करून आणला. त्यात मागे त्याच्या बापाची नवी मोटरसायकल उभी होती. एकीच्या आईनं ‘प्राचीन’ कंदील पाठवला, त्याच्या बुडाला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच. एका बापानं तर छापील निबंधच पाठवला, वर मथळा, ‘अस्सल पुरावा’. ती रोज घरी येऊन पिशवी सोफ्यावर आपटायची. “पालथ्या घड्यावर पाणी! दुसरं काही नाही!” आणि दुसऱ्या दिवशी तोच घडा उचलून पुन्हा शाळेत जायची.

शाळेचे मुख्याध्यापक, म्हणजे हेडसर, तसे वाईट नाहीत. पण त्यांना अभ्यासक्रम वेळेत संपलेला लागतो आणि कॉरिडॉरमध्ये शांतता लागते. हिच्या वर्गात दोन्ही नसायचं. ते म्हणायचे, “बाई, मुलांना उत्तर द्या आणि पुढे चला.” ही म्हणायची, “सर, उत्तर कुणाचं?” ते कपाळाला हात लावून निघून जायचे.

असं करत करत एका वर्षी आठवीच्या पुस्तकातला गिरणीचा धडा आला. छपाईची चूक एव्हाना दुरुस्त झाली होती. आगीबद्दल पुस्तकात तीनच ओळी होत्या. एका कामगार स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे गिरणीला आग लागली, चार कामगार स्त्रिया दगावल्या, अग्निशमन दलानं तत्परतेनं मोठा अनर्थ टाळला. संपलं. हिनं ग्रंथालयातून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची प्रत आणि जळक्या इमारतीचा एक फोटो मिळवला. तेवढ्यावर भागलं असतं. पण नाही. रात्री जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, आत्याबाई त्या गिरणीत होत्या ना?”

माझी मोठी आत्या तेव्हा बॉबिनवर सूत गुंडाळायच्या खात्यात होती. आगीतून वाचली. तिच्या एका हातावर अजून डाग आहे. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही, आणि कुणी विचारलं तर उठून स्वयंपाकघरात जाते. मी सांगितलं, “तिला विचारणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.” पण ते डोकं माझंच असणार हे आधीच ठरलेलं होतं. मीच गेलो. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लहानपणी शाळेत पाठवलं नाही कुणी. आता म्हातारपणी बोलावताय होय? कशाला, तुझ्या बायकोच्या नोकरीसाठी?” मी उठलो. तर मागून म्हणाली, “किती वाजता यायचं?”

इकडे वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं की तिचे आजोबा अग्निशमन दलात होते, आगीच्या दिवशी बंब त्यांनीच चालवला होता. हिला आभाळ ठेंगणं झालं. “दोन साक्षीदार! अहो, दोन!” मी म्हटलं, “एका वेळी एकच बोलव.” ऐकेल ती बायको कसली.

आत्याला स्कूटरवरून शाळेत मीच नेलं, म्हणून मला वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभं राहता आलं. आठवी ‘ब’चा वर्ग म्हणजे लांबट खोली, खडूची धूळ आणि एक करकरणारा पंखा. पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर बंबवाले आजोबा, इस्त्रीचा सदरा, ताठ. दुसऱ्या खुर्चीवर आत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुरुवात आजोबांनी केली. घंटा कशी वाजली, बंब कसा काढला, रस्त्यात गर्दी किती होती. मुलं खूश. मग ते म्हणाले, “आम्ही पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं. बायका घाबरल्या, म्हणून गोंधळ झाला. नाहीतर सगळ्या आरामात बाहेर आल्या असत्या.”

“दाराला कुलूप होतं,” आत्या म्हणाली.

“नव्हतं, ताई.”

“होतं. बाहेरून.”

“अहो, मी तिथे होतो!”

“मग मी काय बाजारात होते?”

मुलं खदखदून हसली. पण ती दोघं हसत नव्हती. आजोबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. “कडी शाबूत होती, मी या डोळ्यांनी बघितलीय! इतकी वर्षं लोक आम्हालाच बोल लावतात, उशिरा आले, वरातीमागून घोडं! दार उघडं होतं!” आत्याही उठली. “तुम्ही पाणी मारलंत ते राखेवर!” आमच्या ह्या बाईसाहेब दोघांच्या मधे उभ्या, एक हात इकडे, एक हात तिकडे. “बसा, बसा ना आधी! आजोबा! आत्याबाई!” कोण ऐकतंय. मला वाटलं, आता पुरावेच एकमेकांच्या अंगावर धावून जाणार.

तेवढ्यात वर्गाची मॉनिटर हात वर न करताच बोलली. या मुलीला ‘गप्प बस’ म्हणून रोज ओरडा बसतो. तिनं आत्याला विचारलं, “आजी, कुलूप तुम्ही पाहिलंत, की ऐकलंत?”

मी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. हा प्रश्न तिनंच शिकवलेला. पण तो माझ्या आत्याला असा विचारला जाईल, हे तिनं धरलं नव्हतं.

आत्या खाली बसली. “पाहणार कसं? धूर होता. स्वतःचा हात दिसत नव्हता. दार हाताला लागत होतं, उघडत नव्हतं. मागून सगळ्या ढकलत होत्या. माझी मैत्रीण माझ्या शेजारी होती, ती ओरडली, ‘कुलूप घातलंय मेल्यांनी!’ तिनं सांगितलं ते मी ऐकलं.” पर्स मांडीवर ओढून घेत म्हणाली, “ती बाहेर आली नाही.”

“मग दार उघडलं कसं?” मुलीनं विचारलं. मी मनात म्हटलं, पुरे आता.

“मागच्या बायका खिडकीकडे पळाल्या. मग उघडलं एकदाचं.”

मुलगी विचारात पडली. मग आजोबांकडे वळून म्हणाली, “आजोबा, ते दार कुठे उघडायचं? आत की बाहेर?”

आजोबा आठवत राहिले. “आत.” आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. ते हळूच खुर्चीवर टेकले.

सगळ्यांच्याच लक्षात आलं. दार आत ओढायचं होतं आणि मागून तीस-चाळीस बायका ते बाहेर ढकलत होत्या. कुलूप असो, नसो, ते उघडणार नव्हतंच.

आत्या म्हणाली, “म्हणजे आम्हीच...?”

माझी बायको पटकन पुढे झाली. “नाही, आत्याबाई, असं नाही...” पुराव्यासाठी जिवाचं रान करणारी बाई, आणि हातात पुरावा आला तर कुठे ठेवावा कळेना.

बोलले ते आजोबा. “नाही हो, ताई. तुम्ही कशाला? इतक्या बायकांच्या खात्याला आत उघडणारं दार ज्यानं बसवलं, त्यानं उत्तर द्यावं.” मग सदऱ्याची कॉलर उगाच सारखी करत म्हणाले, “आणि आम्हाला उशीर झालाच होता. बंब सुरू होत नव्हता. ढकलून सुरू केला. हे आम्ही कुणी कधी सांगितलं नाही.”

नेमके त्याच क्षणी हेडसर दारात. “हा काय आरडाओरडा? शेजारी गणिताची चाचणी चालू आहे!” त्यांनी रडवेली म्हातारी पाहिली, मान खाली घातलेला म्हातारा पाहिला, आणि बायकोला म्हणाले, “बाई, माझ्या ऑफिसात या.”

मी आत्याला स्कूटरवरून घरी सोडलं. दाराशी उतरल्यावर म्हणाली, “तुझ्या बायकोला सांग, पुन्हा बोलावू नकोस.” हे मी घरी सांगितलं तर ही माझ्यावरच चिडली. “मी काय मुद्दाम केलं?” मग स्वतःवर चिडली. मग हेडसरांवर, पुस्तकावर, गिरणीच्या मालकावर. त्या रात्री जगात तिच्या तावडीतून फक्त मॉनिटर सुटली.

पण खरी कटकट पुढेच होती. सहामाहीत प्रश्न आला, ‘गिरणीला आग कशामुळे लागली?’ पेपर हेडसरांनी काढला होता, उत्तर पुस्तकातलं हवं होतं. आठवी ‘ब’च्या अर्ध्या वर्गानं लिहिलं, ‘निष्काळजीपणामुळे असं पुस्तक म्हणतं, पण पुस्तकाला हे कुणी सांगितलं ते दिलेलं नाही.’ एका मुलानं लिहिलं, ‘कशामुळे लागली यापेक्षा बायका बाहेर का येऊ शकल्या नाहीत हे विचारायला हवं.’ हिनं सगळ्यांना पूर्ण गुण दिले. फेरतपासणीत सगळ्यांचे कापले गेले. पालक सभेत एकच गिल्ला. “आमच्या मुलीला पहिला नंबर हवाय, चौकशी आयोग नकोय!” “बाई, बोर्डाच्या परीक्षेत असं लिहिलं तर गुण तुम्ही देणार का?” ही उभी राहून समजावत होती. समोरचे ऐकत नव्हते. हेडसर घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं की दुसऱ्या सत्रापासून बाईंकडे पाचवी, आणि आठवी नव्या सरांकडे. नवे सर छान अक्षरात फळ्यावर उत्तरं लिहून देतात. सगळे सुटले.

आत्या महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. मग एक दिवस अचानक दारात. आत न येताच हिला म्हणाली, “सूनबाई, त्या पोरींनी भिंतीवर काय लावलंय? ‘कामगार आजी, वय सुमारे ऐंशी.’ सुमारे? मी अठ्ठ्याहत्तरची आहे!”

आठवी ‘ब’च्या मुलींनी दोघांचं म्हणणं समोरासमोर लिहून कॉरिडॉरमध्ये लावलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. पण ते आत्याला कुठून कळलं? तर बंबवाल्या आजोबांनी तिला फोन करून सांगितलं होतं. “आणि माझ्या मैत्रिणीचं नाव नाहीये त्यात,” आत्या म्हणाली. “ती ओरडली म्हणून लिहिलंय, पण कोण ओरडली? नाव घाला.” दुसऱ्या दिवशी ती स्वतः शाळेत गेली, मला न विचारता, रिक्षा करून. मॉनिटरला समोर बसवून नाव लिहून घेतलं. वयही दुरुस्त करून घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

हिला वाटलं, निदान आता प्रकरण मिटलं. कुठलं काय! त्या पोरींनी आता शाळेतली दारं तपासायला घेतली. एकेक दार उघडून बघायच्या आणि वहीत लिहायच्या, आत की बाहेर. सगळी शाळा जिथे एका वेळी बसते त्या सभागृहाचं एकमेव दार आत उघडत होतं. त्या थेट हेडसरांच्या टेबलासमोर. हेडसरांनी आधी हसण्यावारी नेलं. मग रागावले. मग पुरावाबाईंना बोलावून, “हे तुमचं शिक्षण!” असं सुनावलं. ही म्हणाली, “सर, माझ्याकडे पाचवी आहे. माझा काय संबंध?” त्यावर ते जे काही म्हणाले ते ती मला सांगत नाही, नुसती हसते.

शेवटी सुट्टीत सुतार आला. त्यानं बिजागऱ्या उलट बाजूला बसवल्या आणि दार बाहेर उघडायला लागलं. ते उघडताना आता सूचनाफलकावर आपटतं, रोज एकदा तरी फलकाची काच हादरते, आणि हेडसर ऑफिसातून ओरडतात, “हळू!”