थाळ्या बडवणारे कैदी

नळदुर्गच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा यायचा तेव्हाची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी शाळेत नवा मास्तर होतो. एकदा तंबूवाल्याकडं जुना, झिजलेला इंग्रजी बोलपट आला. तुरुंगाचा. इंग्रजी ऐकायला कोण येणार? म्हणून तो माझ्याकडं आला. "मास्तर, पडद्यावर काय चाललंय तेवढं तुम्ही भोंग्यावरनं मराठीत सांगा." असे सांगणारे तेव्हा तंबूत असत. मला इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे केलं ते न कळून केलेलं नाही.

पहिल्याच खेळाला तंबू भरला. मधे कनात, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. बायकांत अगदी पुढं आमच्या शेजारची म्हातारी होती. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. तिचा एकुलता मुलगा बांधावरच्या मारामारीत शिक्षा होऊन जेलात होता. दर महिन्याला गाड्या बदलत ती त्याला भेटायला जाई, पण भेट जाळीतनं. आतलं काही तिला दिसलं नव्हतं. ते बघायला ती आली होती.

पडद्यावर कैद्यांचं जेवणघर आलं. अन्न खराब म्हणून कैदी खवळले आणि पत्र्याच्या थाळ्या बडवू लागले. मी तसं सांगणार, तेवढ्यात अव्वा ओरडली, "मास्तर, का बडवायलेत ओ? पोटाला देत न्हाईत व्हय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "देतात की अव्वा! आमटी-भाकरी, वर गूळ. लई गोड लागलं म्हणून अजून वाढा म्हणतायत!"

तंबूत हशा उसळला.

"आमी घरी असं बडवलं तर लाटणं बसतंय," पुरुषांतनं कुणीतरी म्हणालं.

"मग जावा की जेलात!" कनातीपलीकडनं त्याच्याच बायकोनं ऐकवलं.

मला चेव चढला. पहारेकरी खेकसला की मी म्हणायचो, "सावकाश खा म्हणतोय, ठसका लागंल." शेवटी त्यातल्या एकाला मरणाची शिक्षा द्यायला नेतात. लांब बोळ, पुढं पाद्री. मी सांगितलं, "सुटला! भटजी घरापर्यंत सोडायला निघालेत." टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या. जितके खेळ झाले तितक्यांदा तो बिचारा मरणाला गेला आणि तितक्यांदा आम्ही त्याला वाजतगाजत घरी धाडला.

अव्वा मात्र पुढच्या महिन्यात भेटीला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "आता कशाला ओ एवढी दगदग? पोरगं माझ्यापरीस बरं जेवतंय," असं हसत सांगायची. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. खरं बोलायला दर वेळी मी तिच्या दारापर्यंत जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

शिक्षा भोगून पोरगा आला तो घराआधी माझ्या दारात. वाळून काटकी झाला होता.

"मास्तर, आई यायची का बंद झाली? मी भेटीच्या दिवशी जाळीपाशी थांबायचो."

मी सगळं सांगितलं आणि त्याचा हात माझ्यावर उठायची वाट बघत उभा राहिलो. तो "गूळ?" म्हणाला आणि हसत सुटला. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला, डोळे पुसू लागला. "गूळ! अवो, निदान आमटीत मीठ तरी घालायचं होतं मास्तर!"

ती दोघंही आता नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. ते कैदी अजून वाढा म्हणत नव्हते. आणि तो बोळातला माणूस घरी गेला नाही.

त्या दिवशी पोरानं मला हाताला धरून घरी नेलं. अव्वानं रडून घेतलं, भाकऱ्या थापल्या, दोघांना वाढलं आणि ओशाळून म्हणाली, "तिथल्यावानी गूळ न्हाई बाबा आज."

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. भाकरी मोडली, घास घेतला. मग थाळी उचलली आणि जमिनीवर दणादण बडवायला लागला.

"आई, वाढ की अजून!"

अव्वा पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला म्हणाली, "बघा मास्तर, सवय जाईना!"