भट्टीतच बसणारा रंग

मे १९८१. एक बाटली ओ निगेटिव्ह रक्त. हजर: डॉक्टर, मी आणि पौडच्या बाजारातला बांगडीवाला. बाळंतपणात माझ्या पत्नीचं रक्त फार गेलं होतं. तपासलेल्यांत त्याचाच गट जुळला.

बांगड्या भरताना बायकांचे हात चोळतो, तसा स्वतःचा दंड चोळत त्याने विचारलं, "डाक्टर, नवं रगत ह्याच गटाचं हुईल न्हवं? उद्या आनिक कुनाला लागंल."

"हाडांत रक्तपेशी घडतानाच गटाची खूण बसते," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी भट्टीतच रंग बसतुया! मग काडा."

पत्नी वाचली. रक्ताचे पैसे त्याने घेतले नाहीत. सव्वा महिन्याने त्याने तिला हिरव्या बांगड्या भरल्या. त्यांचे मात्र चोख घेतले. रीतीप्रमाणे तिने त्याला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मीही केला.