ज्याने नंबर शोधले, तो प्रमोददादा

ज्या माणसामुळे मी जिवंत आहे, तो आज सकाळी नागपुरात आपल्यातून गेला.

प्रमोद मेश्राम. माझा सख्खा भाऊ नव्हता. बहारीनमध्ये आम्ही एका ऑफिसात होतो, एवढंच नातं.

नव्वदच्या दशकाची अखेर. मनामातली छोटीशी कॉम्प्युटर कंपनी. दादा प्रोग्रामर, मी वेब पेजेस टाइप करायचे. मी सांगलीची, तो नागपूरचा. त्याची बायको आणि लेक नागपुरात, तो मनामाच्या झिंज भागात दोन मित्रांबरोबर.

तिथल्या मराठी मंडळाची वेबसाइट त्यानेच फुकटात करून दिली होती. त्यात एक पान होतं, रक्तदात्यांचं. मंडळाने हट्ट धरला की फॉर्म सोपा हवा. म्हणून एकच मोठा चौकोन ठेवला, ज्याला जे लिहायचं ते लिहू दे.

आणि लोकांनी लिहिलं!

नाव, ब्लड ग्रुप, फ्लॅट, बिल्डिंग, रोड, ब्लॉक, फोन, सगळं एका दमात. बहारीनचा पत्ता म्हणजे नुसते आकडेच. त्यात कुणी सीपीआर कार्डाचा, म्हणजे तिथल्या ओळखपत्राचा, नऊ आकडी नंबरही टाकलेला.

"ह्यातला फोन कुठला ते दिसतंय की," मी म्हटलं.

"तुले दिसते वं. पर्लले कसं दिसंल? त्याले सगळं सारखंच."

पर्ल म्हणजे सर्व्हरवर चालणारी भाषा. दादा त्यात एक स्क्रिप्ट लिहीत होता. मजकुरातून फोन नंबर वेगळा काढायचा, ब्लड ग्रुपसमोर मांडायचा.

तेव्हा तिकडे फोन सहा आकडी. सलग सहा आकडे दिसले की उचल, असं त्याने लिहिलं. तर सीपीआरचेही पहिले सहा उचलले गेले. मग पुढेमागे आणखी आकडा नको, ही अट घातली. मग कुणी मध्ये स्पेस दिलेली, कुणी डॅश. एका टायपिस्टबाबांनी शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारलेला. सगळे ओ बदलावे तर ओ निगेटिव्हवाल्याचा ग्रुपच शून्य!

आम्ही पोट धरून हसलो होतो.

"एवढं कशाला दादा? वाचून लावायचा की फोन."

"वेळ येते ना वैशाली, तवा माणसाले वाचता येत नाही."

ती वेळ माझ्यावरच आली.

शुक्रवार होता. मला आठवा महिना. दुपारी जेवायला बसलो आणि अचानक रक्तस्राव सुरू झाला. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत माझी शुद्ध हरपत होती. बाळाची वार आधीच सुटली होती. माझा ग्रुप ओ निगेटिव्ह. होतं तेवढं रक्त डॉक्टरांनी लावलं आणि माझ्या नवऱ्याला, संजयला, म्हणाले, आणखी माणसं आणा.

संजयने झिंजला दादाला फोन केला.

शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टी, ऑफिस बंद. दादाने वॉचमनला उठवून कुलूप उघडायला लावलं. स्क्रिप्ट चालवली, नंबर निघाले, एकेक लावत गेला. एक जण देश सोडून गेलेला. एक जहाजावर. पण जुफैरहून एक मल्याळी गृहस्थ टॅक्सीने आले. शिपयार्डमधला एक जण तसाच सेफ्टी शूज घालून आला. आणि ते टायपिस्टबाबाही आले.

मी वाचले.

बाळ नाही वाचलं. मुलगा होता.

मला उठता येत नव्हतं. मी त्याला नीट पाहिलंसुद्धा नाही. संजय आणि दादा दोघं त्याला घेऊन गेले. भटजी कुठून आणणार? दादा बौद्ध, त्यानेच हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. संजय सांगतो, माती लोटताना दादाच जास्त रडत होता.

दोन दिवसांनी दादा वॉर्डात आला. खुर्ची ओढून बसला.

मग म्हणाला, "वैशाली, एक सुटला माझ्याकडून."

त्याने ते पान डोळ्यांनी पुन्हा वाचलं होतं. उम्म अल हस्सममधल्या एका माणसाने आपला फोन आकड्यांत न लिहिता इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. सेव्हन, टू, असा. स्क्रिप्टला आकडा दिसला नाही, तिने त्याला गाळलं. ओ निगेटिव्ह. घर हॉस्पिटलच्या अगदी जवळ.

"तो सगळ्यांच्या आधी पोचला असता."

"दादा, डॉक्टर म्हणाले ना, आम्ही पोचायच्या आधीच बाळ गेलं होतं. रक्ताचा काही संबंध नव्हता."

त्याने मान हलवली. पण पटलं नाही, हे मला दिसत होतं.

पुढे त्याने स्क्रिप्टमध्ये अक्षरांतले आकडेही घातले. पुढे तो परत गेला, आम्ही पुण्यात आलो. मला मुलगी झाली तेव्हा नागपूरहून झबली घेऊन आला. तिला मांडीवर घेतलं आणि मध्येच म्हणाला,

"तो जवळच राहत होता वं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! दर वेळी तेच उत्तर दिलं. संजयने दिलं. एकदा तर चिडूनही दिलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या लेकीचा फोन आला. "आत्या, बाबा तुमचं नाव घेत आहेत, बोला." तिने फोन त्याच्या कानाशी धरला.

आवाज अगदी खोल गेला होता. पुन्हा तेच. "तो जवळच..."

"दादा, ऐका. बाळ आधीच गेलं होतं. तुम्ही काही करू शकला नसता. कुणीच नसतं."



मग म्हणाला, "हो का?"

जणू पहिल्यांदाच ऐकत होता.

"हो दादा."

"मग बरं झालं बाप्पा. मले वाटलं..."

लेकीने फोन घेतला, म्हणाली, "झोपले."

दादा, आता शांत निजा.

तुमच्या वैशालीचा जयभीम.