मामांचा मुरघास

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही झाकण सुखानं झाकलेलं राहू दिलेलं नाही. कुकरची वाफ जिरायच्या आत ते ओट्यापाशी हजर असतात, आणि त्यांच्या घरचं कैरीचं लोणचं मुरायच्या आधीच चाखून संपतं. त्यांच्या गावाहून, दिंद्रुडहून, बीडला येताना एसटीत शेजारच्या बाईंनी मांडीवर घट्ट धरलेला डबा पाहून त्यांनी विचारलं होतं, "ताई, काय हाय ह्याच्यात? जरा बघू का?" बाईंनी डबा उघडून दाखवला आणि वर एक धपाटंही खायला दिलं. मामांचा चेहराच असा भाबडा आहे की चौकशीचा राग येत नाही. रस्त्यात कुणाचीही गाडी बंद पडली की बॉनेट उघडायला मामा पुढे. आतलं त्यांना काडीचंही कळत नाही. पोटभर बघून घेतात आणि बॉनेट लावून चालू पडतात.

अशा माणसानं मुरघास करायचं मनावर घेतलं. ऊसतोड सुरू झाली की शिवारात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे ढीग पडतात. त्यांची बारीक तुकडे करून कुट्टी करायची, गुळाचं पाणी आणि मीठ मारून खड्ड्यात तुडवून बसवायची, वर प्लास्टिकचा कागद, कागदावर माती, आणि मग दीड महिना तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. आत हवा गेली की सगळं नासतं. नाही गेली तर ते आंबूस खाद्य ऐन उन्हाळ्यात गुरांना तारून नेतं. मामींची एकच गाय होती, चांदी, आणि तिची कालवड. चारा पुरला नाही तर चांदीला बाजार दाखवावा लागणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी जीव ओतून खड्डा भरला आणि दुसऱ्याच दिवशी दात घासता घासता कागदाचं टोक उचलून वास घेतला. मग ते रोजचंच झालं. मी फोनवर हटकलं तर म्हणाले, "उघडलं कुठं? नुसतं हुंगलं." वेळ झाल्यावर खड्डा उघडला तर आत बुरशीनं काळं पडलेलं. चांदीनं नाक लावलं आणि मान फिरवली. त्या उन्हाळ्यात ती गेवराईच्या बाजारात गेली. मामी कडाकडा भांडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

पुढच्या हंगामात खड्ड्यावर माती पडली आणि मामा पिशवी घेऊन थेट बीडला, आमच्या दारात. "जावईबापू, मला ठिवून घ्या. मी तिथं ऱ्हायलो तर कालवडबी जाईल." मला गहिवरून आलं. तो गहिवर संध्याकाळपर्यंत टिकला. तोवर त्यांनी आमची पाण्याची टाकी, इन्व्हर्टर आणि शेजाऱ्यांचं पार्सल उघडून बघितलं होतं. रोज गावी फोन व्हायचा. "खड्ड्याला कुणी हात तर न्हाई लावला?"

"तुमी तिकडं, मंग हितं कोण हात लावतंय?" मामी म्हणायच्या.

मुदत भरली तशी मी त्यांना गावी घेऊन गेलो. मोटरसायकलवरून उडी मारून ते खड्ड्याकडे पळतील असं मला वाटलं होतं. मामा गोठ्याच्या खांबाला धरून पाठमोरे उभे राहिले. "तूच उघड," मामींना म्हणाले.

मामींनी माती सारली, कागद उचलला. आंबटगोड वास अंगणभर पसरला. त्यांनी पाटी भरून कालवडीपुढं ठेवली.

"खाती का गं?" मामांनी न वळताच विचारलं.

"खातीय की. अवो, वळून बघा तरी."

मामा वळले. कालवड पाटीत तोंड खुपसून खात होती. वर्षभरात ती हुबेहूब आईवर गेली होती. मामा जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी काहीतरी थट्टा करणार होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "चांदीलाबी आवडलं असतं गं."

"व्हय," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी पाटीत आणखी ओंजळभर टाकलं.