कपाटामागचं दार

विमल गेली तेव्हा मी तिला शिव्या घालत होते. खोटं कशाला सांगू? सव्वा महिना झाला, आता लिहायला बसलेच आहे तर जे झालं ते लिहिते. आम्ही दोघी जावा मोबाइलवर तो गोळीबाराचा गेम खेळत होतो. मी माझ्या हॉलमध्ये, ती भिंतीपलीकडे तिच्या हॉलमध्ये, आणि तिसरी माझी नात रुही पुण्याच्या हॉस्टेलवर. तिघींची एक टीम. विमानातून उडी मारायची, ओसाड घरांमधून बंदुका शोधायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, एवढंच असतं त्यात. पडद्यावर आपले फक्त दोन हात आणि बंदूक दिसते. वळलं की बाकीच्या दिसतात. त्या संध्याकाळी मी वळून पाहिलं, तर विमल एका घराच्या सताड उघड्या दारात ठोंब्यासारखी उभी. "विमल, दार लाव! अगं बाई, लाव ना दार!" मी हेडफोनमध्ये ओरडतेय आणि ही ढिम्म. तेवढ्यात कोणीतरी आलं आणि हिला उडवून गेलं. "मेलीस ना? घे, मर अशीच," मी म्हणाले. हो, हेच शब्द... आणि मग भिंतीपलीकडून तिच्या सुनेची, संगीताची, किंकाळी ऐकू आली.

आमचं मखमलाबादचं घर म्हणजे दोन भावांची एकाला एक लागून बांधलेली दोन घरं, मागे झेंडू-शेवंतीचं रान. मध्ये एक दार आहे. त्या दारातून गेले असते तर दहा पावलं. पण दारासमोर माझं लोखंडी कपाट. म्हणून माझ्या फाटकातून बाहेर, रस्त्यानं वळसा घालून, तिच्या फाटकातून आत, तेही या गुडघ्यांनी... पोचले तेव्हा ती खुर्चीतच होती, हेडफोन कानात. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही शेजारी बसलेल्या असतात तरी काही करता आलं नसतं." डॉक्टरांना असं बोलावंच लागतं.

ते कपाट तिथं कोणी ठेवलं? बी.ए. झालेल्या एका शहाण्या बाईनं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, नाकावर चष्मा, शिकवणीला पंधरा मुलं, आणि बोलताना मध्येच इंग्रजी शब्द फेकायची खोड. चालताबोलता फळाच होते मी! विमल सायखेड्याची, सातवी शिकलेली. तिचं 'लय' आणि 'नाय' मी शंभर वेळा सुधारलं असेल. ती ऐकून घ्यायची आणि परत तसंच बोलायची. दिवेलागणीला घरातलं एकही दार लावलेलं तिला चालायचं नाही, लक्ष्मी माघारी जाते म्हणे. आणि माझी शिकवणी नेमकी त्याच वेळी. मी मधलं दार लावायची, ती उघडायची. मी लावायची, ती उघडायची. एकदा मुलांच्या आया बसलेल्या असताना मी म्हणाले, "हा अडाणीपणा सायखेड्यालाच ठेवून यायचा होतास." "तुमच्या बाजूचं दार तुमचं, ताई. लावा. मी नाय परत हात लावणार," एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी मी दोन गडी बोलावून कपाट तिथं सरकवलं. जिंकले, असं वाटलं होतं मला! पुढची बावीस वर्षं आमचं बोलणं 'चहा घेता?' आणि 'नको, आत्ताच झाला' याच्या पुढं गेलं नाही.

गेम आणला रुहीनं. पुण्याला जाताना माझ्या मोबाइलमध्ये घालून गेली. "फोनवर तू फक्त जेवलीस का विचारतेस, त्यापेक्षा हे खेळू." पहिल्याच दिवशी मी पडद्यावरच्या एका न्हाणीघरात लपून बसले होते, तर कानात आवाज, "ताई, मागं बघा मागं! खिडकीत हाय एक जण!" मी दचकून मोबाइलच खाली टाकला. विमल, रुहीची धाकटी आजी, तिच्याबरोबर आधीपासून खेळत होती आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि खेळायचीही कशी! लहानपणी शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं राखलेली, नेम चुकायचाच नाही. मी सगळ्या गोळ्या भिंतीत घालेपर्यंत ही एका गोळीत काम उरकून म्हणायची, "ताई, बी.ए.ला नेम नव्हता का शिकवत?"

बाकी सगळा वैताग. पट्ट्या, औषधं, हेल्मेटं, दिसेल ते पिशवीत भरायची. "पडलंय तर घ्या, कामाला येतं." विमानातून उडी मारताना "इथली जमीन लय चांगली हाय" म्हणून शेतातच उतरायची, जिथं ना बंदूक ना आडोसा. पण कहर म्हणजे दार. या गेममध्ये घरात शिरलं की दार लावून घ्यायचं, हे कोणालाही कळतं. उघडं दार दिसलं की आत कोणीतरी आहे हे शत्रू ओळखतो. सहा-साडेसहा वाजले की ही "दोन मिनिटं हां" म्हणायची, पडद्यावरच्या त्या घराचं दार उघडायची आणि मोबाइल ठेवून देवाजवळ दिवा लावायला जायची.

"अगं, ते आपलं घर नाही!"

"आसरा घेतलाय ना त्यात? मग आपलंच."

"आणि हेल्मेट घालून बंदूक घेऊन येते, ती लक्ष्मी का?"

"कोण येतं ते आपल्या हातात हाय का, ताई?"

रुही हसून लोळायची, मी रागानं लाल. रोज संध्याकाळी त्याच दारापायी आम्ही तिघी मरायचो.

दिवाळीच्या आधी एकदा, डाव संपल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, ते कपाट हलवायचं का? वळसा घालून यायला पाय दुखतात आता." मी म्हणाले, "जड आहे गं. पुढच्या आठवड्यात गडी बोलावू." असे किती पुढचे आठवडे गेले... गडी तर मागच्याच रानात रोज फुलं तोडत होते. पण कपाट हलवायचं म्हणजे बावीस वर्षं मी चुकले हे कबूल करायचं. बाई गं, काय उपयोग झाला तुझ्या बी.ए.चा!

तेरावं झालं आणि मी रानातले दोन गडी बोलावून कपाट हलवलं. पाच मिनिटं लागली. आतल्या वह्यासुद्धा काढाव्या लागल्या नाहीत. दार ओढलं तर उघडलं. पलीकडून कडी लावलेली नव्हती. तिच्या बाजूला उंबऱ्यापाशी फरशीवर तेलाचा काळा, गोल डाग. संगीता म्हणाली, "मोठ्या आई, देवाजवळचा झाला की दुसरा दिवा आई रोज इथं ठेवायच्या. कडी काढून." म्हणजे बावीस वर्षं ही बाई माझ्या कपाटाच्या पाठीला दिवा दाखवत होती! आणि कपाटाच्या या बाजूला मी मुलांना शुद्धलेखन घालत होते. एकदा सांगायचं नाही? भांडायचं, ओरडायचं, दाराला लाथ मारायची... नाही. हात लावणार नाही म्हणाली आणि नाही लावला. असला कसला हट्ट? कोण करतं असं?

रुही आणि मी अजून खेळतो. विमलची जागा आम्ही रिकामी ठेवतो, अनोळखी कोणाला घेत नाही. काल साडेसहा वाजता पडद्यावरच्या घराचं दार उघडून मी मोबाइल खाली ठेवला. हेडफोनमधून रुही ओरडत होती, "आजी, दार! दार लाव ना!" "तिन्हीसांज आहे. राहू दे," म्हटलं आणि मधल्या दाराशी दिवा ठेवून आले. परत येऊन बघते तर पडद्यावर मी मरून पडलेली, आणि रुही पुण्याहून मला शिव्या घालत होती.